आमचं डिझेल, तुझं ऊन

अक्का,

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडपवाला आज सकाळीच खांब काढून घेऊन गेला. माय आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आहे. पाहुणे गेले, घर एकदम मोठं वाटायला लागलं, म्हणून मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि तुझ्याशी बोलायला घेतलं. तोंडानं बोललो तर शेजारचे घाबरतील, म्हणून लिहून.

काल भन्तेजींचं झाल्यावर शेजारच्या गयाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "संजू, खरं सांग बाबा, तुही अक्का तिकडं नेमकं काय काम करायची? समदे म्हणतेत लय मोठी सायेब होती. पर कशाची?"

मी म्हणालो, "मावशी, अरबांच्या देशात जमिनीतून तेल निघतं. सगळं त्याच्यावरच चालतं. ते तेल कमी करून त्यांना कसं जगता येईल, ते ती त्यांना सांगायची."

गयाबाईंनी विचारलं, "अन् ऐकायचे का ते?"

"थोडं थोडं ऐकायचे."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, "हितं तर कुणीच कुणाचं ऐकत न्हाई."

तू असतीस तर हसून हसून पदर तोंडाला लावला असतास. मला पण हसू आलं, आणि हसतानाच रडू आलं.

पण घरात तुझं ऐकलं जायचं, अक्का. तू ऐकायला लावायचीस. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? कोळशाच्या शेगडीचा धूर कोंडून राहायचा आणि माय खोकून खोकून अर्धी व्हायची. भिंतीत वर एक भोक पाडा, असं तू दादांच्या मागं लागली होतीस. दादा म्हणायचे, "भिंत सरकारची हाय पोरी, हितं खिळा ठोकायला बी परवानगी लागते." मग एकदा शेजारच्या क्वार्टरची डागडुजी करायला रेल्वेचा गवंडी आला. तू त्याला चहाला बोलावलंस आणि बरोबर शेगडीजवळ पाट टाकलास. बिचारा बशी तोंडाला लावीपर्यंत डोळे चोळायला लागला. काही न बोलता उठला, हातोडी छिन्नी घेऊन आला आणि भिंत फोडली. दादा कामावरून आले तर धूर बाहेर जायलाय आणि माय हसायली. त्यांनी परवानगीचा विषय परत काढला नाही.

पुढं तू शिकत गेलीस. अर्थशास्त्र, मग पाणी आणि वीज यांच्या अर्थशास्त्रावर पीएचडी. मी परभणीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो आणि तुझ्याआधी ओमानला पोचलो. हे मी तुला नेहमी ऐकवायचो, की मी आधी गेलो, तू नंतर आलीस.

माझं काम वाळवंटातल्या एका वीजघरात होतं. चारी बाजूंनी वाळू, मधी मोठाली जनरेटरं, आणि त्यांच्या जिवावर आसपासच्या वस्त्यांचे दिवे, पाण्याच्या मोटारी, एसी. डिझेलचे टँकर वाळू तुडवत यायचे. आत इतका आवाज की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. तिथं मला सेलूचे बशीरभाई भेटले. त्यांच्या घरची सगळी माणसं सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, हे पण लहानपणापासून मोटारींत हात घालून वाढलेले. पहिल्याच दिवशी "परभनीचा हाय का? मंग तर घरचाच" म्हणून त्यांनी मला आपल्या खोलीत घेतलं. त्या परक्या मुलखात मला बाप मिळाला, असं मी फोनवर तुला सांगितलं होतं.

मग तुला मस्कतला नोकरी लागली. तेलावरचा भार कसा कमी करायचा, याचा सल्ला सरकारी खात्यांना देणारी कुठलीशी संस्था. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. बहीण जवळ आली, शुक्रवारी सुट्टीला जायला घर झालं, ज्वारीची भाकर मिळणार, एवढंच कळलं.

आणि एक दिवस तूच आमच्या वीजघरात आलीस. डोक्यावर पांढरं हेल्मेट, बरोबर चार-पाच अरब साहेब. आम्ही सगळे रांगेत उभे. मी साहेब लोकांना करतात तसा तुला सलाम केला. तू सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालीस, "संज्या, जेवलास का रे?" मॅनेजर बघतच राहिला. तू त्याला अरबीत सांगितलंस, हा माझा लहान भाऊ. त्या दिवसापासून कॅम्पात माझा भाव वाढला. तो पुढचे काही आठवडेच टिकला.

कारण मग कळलं, तू कशाला आली होतीस ते. आमच्या वीजघराच्या मागच्या मैदानात सोलर प्लेटा बसणार होत्या. दिवसा उन्हावर वीज, रात्रीसाठी बॅटऱ्या, आणि जनरेटरं एक एक करून बंद. सल्ला तुझ्या संस्थेचा, आणि त्या कामावर तू.

त्या शुक्रवारी मी तुझ्याकडं आलो तो भांडायलाच. तू पिठलं टाकलं होतंस. मी हात सुद्धा धुतला नाही.

"अक्का, तू आमच्या पोटावर पाय द्यायलीस."

"बस आधी."

"बसत न्हाई. सगळ्या कॅम्पात काय म्हणायलेत ठाऊक हाय का? संजूच्या बहिणीनं काम घालवलं म्हणायलेत."

तू भाकर थापतच होतीस. "मी न्हाई सांगितलं तर दुसरं कुणी सांगल. तेल आज ना उद्या संपणार हाय संजू, अन् संपायच्या आधी त्याला गिऱ्हाईक कमी होणार हाय. या लोकायला ते कळलंय, म्हणून ते आत्तापासून तयारी करायलेत. आपली तयारी काय हाय, ते सांग. सेलू, पूर्णा, परभणीतल्या किती घरायच्या चुली या तेलावर पेटतेत? उद्या हितलं बंद झालं तर तिथं काय करणार?"

"उद्याचं उद्या. आज आमी काय करावं? तुही योजना चांगली असंल. नव्या कामाचं शिक्षण देणार हाईत म्हणे. ते कुणाला?"

"हितल्या पोरायला. त्यांच्यात बी बेकारी हाय. देश त्यांचा हाय, पहिला हक्क त्यांचा हाय."

"बरोबर हाय. पण मंग आमी कोण? डिझेल सरलं की टँकरवाला रिकामे पिंपं घेऊन जातो, तसं आमाला घेऊन जायचं?"

तू माझ्याकडं बघितलंस. काहीतरी तोडीस तोड बोलशील असं मला वाटलं होतं, कारण वादात तू कधी हरली नव्हतीस. पण तू तवा उतरवलास, गॅस बंद केलास आणि म्हणालीस, "हे मी विचारात घेतलंच न्हाई रे."

एवढं सरळ कबूल करणारी शिकलेली माणसं मी फार बघितली नाहीत, अक्का. भांडायला आलेला मी, मलाच कसंतरी झालं. मग आपण थंड झालेलं पिठलं खाल्लं. तू मला विचारत बसलीस: कोण किती वर्षं आहे, कुणाला काय येतं, कुणाचं घर कशावर चालतं. मी सांगत गेलो.

पुढची बैठक कशी झाली ते तूच मला सांगितलंस, आणि मी ते इतक्या जणांना सांगितलं आहे की मी तिथं हजर होतो असं लोकांना वाटतं. खात्याचे मोठे अधिकारी, पिकल्या दाढीचे खमीस साहेब, म्हणाले, "डॉक्टर, ही माणसं आज ना उद्या आपल्या देशाला परत जाणार. त्यांना शिकवून आम्हाला काय फायदा?"

तू त्यांना त्यांच्याच गावाचं विचारलंस. डोंगरातून पाणी आणणारे त्यांचे ते जुने पाट, ज्यांना ते फलज म्हणतात, त्यांच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा? साहेब म्हणाले, "पिणाऱ्याचा. मग मशिदीचा, मग खजुरांचा."

"पिणारा गावचाच असावा लागतो का?"

"नाही. वाटसरू पण पितो. त्याला कुणी अडवत नाही."

"मग साहेब," तू म्हणालीस, "या लोकांनी तुमच्या वस्त्यांना इतकी वर्षं वीज दिली. ते वाटसरूच आहेत. त्यांना एक ओंजळ प्यायची आहे."

खमीस साहेब दाढी कुरवाळत हसले म्हणे. पाव्हण्या बाईनं आपल्याच आजोबांचा कायदा आपल्याला शिकवला, असं काहीतरी म्हणाले. मग ठरलं, की जी माणसं जनरेटरं बंद होईपर्यंत काम करतील, ती तिथल्या पोरांच्या बरोबरीनं नवं काम शिकतील.

मी शिकलो. माझ्या शेजारच्या बाकावर सालिम नावाचा तिथलाच तरणा मुलगा होता. त्याला मशीनची भीती वाटायची आणि मला इंग्रजीची. त्यानं मला वाचून दाखवायचं, मी त्याला तारा जोडून दाखवायच्या. आमच्या दोघांची पण पोटं भरली त्याच्यावर.

पण बशीरभाईंचं जमलं नाही. शिक्षण सुरू व्हायच्या आधीच ठेकेदारानं त्यांना वयाचं कारण सांगून घरी पाठवलं. तुला कळलं तेव्हा ते सेलूला पोचले होते. तू फोन केलेस, भांडलीस, खमीस साहेबांपर्यंत गेलीस. ठेकेदार म्हणाला, माणूस गेला, आता काय करता. त्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, "संजू, वरचे लोक चांगला निर्णय घेतेत. मंग तो निर्णय खाली येता येता मधीच कुठंतरी पाझरून जातो. शेवटच्या शेतापर्यंत पोचला का न्हाई, ते बघायला कुणी जात न्हाई."

पण तू स्वतः बघायला गेलीस. हे मी जन्मभर विसरणार नाही. मायचं वय झालं आणि तुझ्या किडनीचं दुखणं निघालं, म्हणून तू सगळं आवरून परभणीला परत आलीस, तुझ्यामागं नोकरी सोडून मी पण आलो, आणि पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "सेलूला चल." पॅसेंजरनं आपण दोघं गेलो. बशीरभाईंनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला, मायची विचारपूस केली. अदब जराही सोडली नाही. आणि कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "आपा, तुमचा सूरज चांगला हाय. पण आमच्या घरावर उगवला न्हाई."

मी मधी बोलायला गेलो तर तू माझ्या हातावर हात ठेवलास. "खरं हाय भाईजान," तू म्हणालीस. दुसरं काही बोलली नाहीस. ठेकेदाराचं नाव घेतलं नाहीस, केलेले फोन सांगितले नाहीस. परत येताना गाडीत मी तुझ्यावर चिडलो, की सांगायचं होतंस ना किती झटलीस ते. तू खिडकीतून बाहेरचा कापूस बघत म्हणालीस, "त्यानं त्यांची नौकरी परत येती का?"

मग वसमत रोडचं ते पत्र्याचं शेड. तिकडून परत आलेल्यांना आणि तिकडं जायला निघालेल्यांना सोलरचं काम शिकवायचं तू मनावर घेतलंस. पोरं यायची आणि म्हणायची, "मॅडम, आमाला फक्त दुबईला पाठवा." तू म्हणायचीस, "जा की. पण हे शिकून जा. तिकडं आता हेच लागणार हाय, अन् न्हाईच जमलं तर हितं बी लागणार हाय." मी तारा, प्लेटा, बॅटऱ्या शिकवायचो. मोटारीचं वाइंडिंग शिकवायला माणूस नव्हता. तू बशीरभाईंना निरोप धाडत राहिलीस आणि ते येत नव्हते.

आणि मग एका सकाळी आले. कुणाशी न बोलता पोरांसमोर जाऊन उभे राहिले, तुझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "या बाईमुळं माझी नौकरी गेली." तू कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणालीस, "खरं हाय." मग बशीरभाईंनी खिशातून चष्मा काढला, एक जळकी मोटार पुढं ओढली आणि शिकवायला सुरुवात केली. पुढं दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी हेच वाक्य, आणि दर वेळी तू तसंच "खरं हाय" म्हणायचीस. नवी पोरं घाबरायची. जुनी पोरं तोंड फिरवून हसायची. दोन वर्षं त्यांनी शिकवलं. मग पोराच्या दुकानात लक्ष द्यायला सेलूलाच थांबले, पण तुझी तब्येत विचारायला त्यांचा फोन चुकला नाही. डायलिसिसला तू पडून असताना ते आले होते. पलंगाजवळ स्टूल ओढून म्हणाले, "आपा, माझी नौकरी परत कधी देता?" तू म्हणालीस, "बरी झाले की लगेच." दोघं हसलात. बाहेर आल्यावर ते जिन्यात भिंतीला टेकून उभे राहिले होते, हे मी तुला सांगितलं नाही.

आपला एक वाद राहून गेला, अक्का. शेवटच्या महिन्यात तू आणि मी बाजूंची अदलाबदल केल्यासारखे झालो होतो. मी मोबाइलवर बातमी दाखवायचो: तिकडं आता उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढणार, जहाजात भरून परदेशी विकणार. बघ, तू म्हणत होतीस ते व्हायलंय. आणि तू मान हलवायचीस.

"विकायचंच हाय ना परत? काल तेल विकलं, उद्या ऊन विकतील. पण त्याला पाणी लागतं. ते समुद्राचं खारं पाणी गोड करून घेणार, अन् उरलेलं दुप्पट खारं पाणी परत समुद्रातच सोडणार. तिथल्या मासेवाल्याला कुणी विचारलं का?"

"तू थकलीस म्हणून तुला आता सगळंच खोटं वाटायलंय."

"थकले न्हाई. जवळून बघितलंय. चांगलं काम हाय म्हणून प्रश्न विचारायचं बंद करायचं नसतं, संजू."

मी म्हणालो, आधी होऊ तर दे. तू म्हणालीस, झाल्यावर विचारून काय उपयोग. तेवढ्यात नर्स आली, आणि राहिलं ते राहिलंच. मला अजून वाटतं की माझं बरोबर आहे. आणि बातमी वाचताना आता माझी नजर आपोआप त्या मासेवाल्यालाच शोधते. हे तुझंच काम.

परवा तुझा फोन वाजला. तो माझ्याजवळ आहे. सालिम होता. आता तो त्या वीजघराचा मुख्य आहे. मी हॅलो म्हणायच्या आधीच तो आनंदानं बोलायला लागला, "डॉक्टर, शेवटचं जनरेटर आज ट्रेलरवर घालून नेलं. इथं इतकं शांत झालंय की वस्तीतली म्हातारी माणसं घाबरून विचारायला आली, वीज गेली का म्हणून." मी त्याला सांगितलं, मी संजू आहे, आणि मग दुसरं पण सांगितलं. तो म्हणाला, "अल्ला यरहमहा," म्हणजे अल्ला तिच्यावर दया करो. आणि मग मला विचारलं, "तू ज्यांच्या गोष्टी सांगायचास त्या बशीरभाईंना हे कोण सांगणार, जनरेटर गेल्याचं? त्यांचा जीव होता त्याच्यात." मीच सांगितलं. ते म्हणाले, "गेलं का? लय गुणाचं मशीन होतं." आणि मग, "आपाला कळायला पायजे होतं."

आज सकाळी पोखर्णीहून एका शेतकऱ्याचा फोन होता, सोलरची मोटार पाणी कमी फेकते म्हणून. मी म्हणालो, आमच्या घरी असं झालंय, उद्या येतो. तो म्हणाला, "अरे अरे, मॅडम गेल्या का? सावकाश या. त्याह्यच्यामुळं आमचं रातचं पानी देणं सुटलं. नसता काळोखात इच्चूकाट्यात जावं लागायचं." तो तुला कधी भेटला नव्हता. तुझ्या शेडातल्या एका पोरानं त्याचा पंप बसवला, एवढंच.

काल कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. माइक हातात आला. भन्तेजींचे मानले, पाहुण्यांचे मानले, गल्लीतल्या पोरांचे, विहाराच्या कमिटीचे, सेलूहून आलेल्या बशीरभाईंचे, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मानले. मंडपवाल्याचे पण मानले. खाली येऊन बसलो आणि ध्यानात आलं, की जिच्यामुळं हे सगळे जमले होते, तिचं नाव मी घेतलंच नाही.

जिवंत असतीस तर मी हे तोंडानं कधी म्हणालो नसतो, आणि म्हणालो असतो तर तू डाफरली असतीस, की घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का, वेड्या. आजवर आपल्या दोघांत शेवटचा शब्द नेहमी तुझाच राहिला. हा एक तरी माझा राहू दे.

अक्का, तुझे आभार. बोल आता, काय बोलायचं ते.